उष्णोदक-कालनिर्णय अर्थात गीझरच्या बटणाची चिकित्सा

१. विषयप्रवेश

मराठी घरातली बहुतेक बटणे मुकी असतात. पंख्याचे बटण दाबले की पंखा फिरतो, विषय संपतो. दिव्याच्या बटणावरून फार तर एखादा शेरा ऐकू येतो. गीझरच्या बटणाचे तसे नाही. ते लावण्याआधी विचारणा होते, लावल्यावर घोषणा होते, पाणी तापेपर्यंत चौकशा चालतात आणि बंद केल्यावरही ‘नक्की बंद केलास ना?’ अशी फेरतपासणी होते. इतका वाग्व्यवहार रोज ज्या वस्तूभोवती घडतो, तिच्याकडे मोडी कागदपत्रांत बुडालेल्या आपल्या संशोधकांनी पाठ फिरवावी, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रश्न साधा दिसतो. अंघोळीचे पाणी केव्हा तापवावे? ‘अंघोळीच्या आधी’ हे उत्तर व्यवहारी असले तरी शास्त्रीय नव्हे. वीज चोवीस तास एकाच खर्चात तयार होत नाही. मागणी कमी असते, किंवा पुरवठा उदंड असतो, तेव्हा ती स्वस्त पडते. मग स्वस्ताईच्या वेळी पाणी तापवून ठेवावे आणि हवे तेव्हा अंगावर घ्यावे, असा सिद्धान्त अनेक देशांनी मांडला आणि त्यासाठी आपोआप चालू-बंद होणारी बटणे घरोघरी बसवली. तो सिद्धान्त आता स्मार्ट मीटरवर स्वार होऊन महाराष्ट्रात आला आहे. मराठी अंघोळ त्याला वश होईल काय, याची ही चिकित्सा.

विषयाची मर्यादा आधी आखून घेतो. इथे गीझर म्हणजे १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा, साठवणीचा. नळाला जोडलेला तीन लिटरचा इन्स्टंट वगळला आहे. त्याला साठवण ठाऊक नाही. बादलीत सोडायचा रॉडही वगळला आहे. तो विषय शास्त्राचा नसून धाडसाचा आहे.

२. पूर्वेतिहास

आयत्या उष्णतेवर पाणी तापवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. चुलीला वैल असे. पुढच्या तोंडावर भाकरी भाजली जाई आणि वाया जाणाऱ्या धगीवर, वैलावर, पाण्याचे भांडे बसे. त्या पाण्याला वेगळे जळण नव्हते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वैलावर शून्य दर लागू होता, आणि त्यासाठी कुणी अर्जही केला नव्हता.

पुढे तांब्याचा बंब आला. मधून नळी, खाली जाळी, आत बंबफोड, करवंट्या आणि गोवऱ्या. त्याचा खरा गुण यंत्रात नव्हता, नियमात होता. वरून गार पाणी ओतले तर तोटीतून गरम पाणी मिळे. म्हणजे ज्याने एक बादली घेतली त्याने मागच्यासाठी एक बादली ओतायची. बंबाला बटण नव्हते, पण अनुक्रम होता. आणि ओतायला विसरणाऱ्याचे नाव सगळ्या वाड्याला कळत असे.

३. बटणाचे स्थान आणि सत्तेचे विभाजन

गीझर न्हाणीघरात असतो, त्याचे १६ अँपिअरचे लाल दिव्याचे बटण मात्र बहुधा दाराबाहेर. ओल्या हाताने विजेला शिवू नये, हा त्यामागचा हेतू. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष आहे. घटनात्मक परिणाम मात्र दूरगामी आहेत. ज्याला गरम पाणी हवे तो आत, ज्याच्या हाती वीज तो बाहेर. माँतेस्क्यूने १७४८ साली सत्तेच्या विभाजनावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर राजे आणि न्यायालये होती. विभाजनाची इतकी चोख अंमलबजावणी पॅसेजमधल्या एका भिंतीवर होईल, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

या विभाजनामुळे प्रत्येक अंघोळ हा दोन पक्षांतला करार ठरतो. आतून येणारा संदेश तीन प्रकारचा असतो: ‘गीझर लाव’, ‘गीझर लागलाय का?’ आणि ‘गीझर कुणी बंद केला?’. यांतला तिसरा डोक्याला साबण लावल्यानंतरच येतो. बाहेरून येणारे संदेश दोनच: ‘आटप लवकर’ आणि ‘बंद केला बरं का!’. दुसऱ्या संदेशानंतर आत उरलेल्या गरम पाण्याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा.

४. देशाचार

आता इतर देशांचे आचार पाहू.

फ्रान्समध्ये घरगुती ग्राहकाला रात्रीची स्वस्त वीज १९६०च्या दशकापासून मिळते. तिथे बटण कोणी दाबत नाही. वीज कंपनी कित्येक दशके नेहमीच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहावर १७५ हर्ट्झचा बारीकसा संकेत चढवत असे. तो त्याच तारांतून घरोघरी जाई. मीटरजवळ बसवलेली खटकी एवढा एकच सूर ओळखी, ‘खट्’ करी आणि पाण्याची टाकी चालू होई. घरमालक तेव्हा झोपलेला असे. न्यूझीलंडने १९५०च्या सुमारास हीच पद्धत उचलली. तिथे तिचा मुख्य उपयोग कडाक्याच्या थंडीत, सगळे एकदम वीज ओढू लागले की लाखो टाक्या घटकाभर बंद ठेवण्यासाठी. टाकीतले पाणी लगेच थंड होत नाही, त्यामुळे घरातल्यांना पत्ता लागत नाही.

इंग्रजांनी १९७८ साली रात्रीचे सात तास स्वस्त करणारी ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजना आणली. पुढच्या दशकात बटणांना हुकूम देण्याचे काम त्यांनी चक्क रेडिओवर सोपवले. बीबीसीच्या रेडिओ फोरच्या १९८ किलोहर्ट्झच्या लाँग वेव्हमध्ये श्रोत्याला ऐकू न येणारे संकेत मिसळलेले असत. याच लहरीवरून अनेक वर्षे कसोटी क्रिकेटचे समालोचन होई. म्हणजे भारताचा डाव कोसळत असताना त्याच लहरीवरून कुणाच्या तरी घरातली टाकी निमूटपणे हुकूम ऐकत होती. ३० जून २०२५पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने आवरायला घेतली गेली.

दक्षिण ऑस्ट्रेलियात तर रात्र आणि दिवसाची अदलाबदल झाली. घरांच्या छपरांवर सौर पॅनेल इतकी वाढली की दुपारी वीज उतू जाऊ लागली. तेव्हा रात्री तापणाऱ्या टाक्या सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेकडे वळवायला सुरुवात झाली. फ्रान्सनेही नोव्हेंबर २०२५पासून सवलतीचे काही तास मध्यरात्रीवरून दुपारकडे सरकवायला घेतले. स्वस्ताईचा मुहूर्त चंद्राकडून सूर्याकडे गेला, एवढे या देशाचाराचे तात्पर्य.

५. ध्वनिविचार

या संशोधनातला सर्वात महत्त्वाचा शोध या अधिकरणात आहे.

१७५ हर्ट्झ हा सूर कोणता? हार्मोनियमवर पांढरी चार दाबावी. खालच्या सप्तकातल्या पांढरी चारची कंपनसंख्या साधारण १७४.६ भरते. म्हणजे सगळा फ्रान्स कित्येक दशके पांढरी चारच्या सुरावर पाणी तापवत होता. आता दुसरे माप पाहा. प्रौढ स्त्रीच्या बोलण्याच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या साधारणपणे १६५ ते २५५ हर्ट्झ असते. १७५ हा आकडा बरोबर या पट्ट्यात बसतो.

निष्कर्ष उघड आहे. फ्रेंच अभियंत्यांनी तारांतून जो सूर पाठवला तो मराठी घरात स्वयंपाकघरातून पॅसेजकडे आधीपासूनच जात होता. ‘अरे, गीझर बंद कर!’ ही घोषणा त्याच पट्टीत सुरू होते. तिकडे संकेत ऐकणारी खटकी एकच काम करी. इकडे संकेत ऐकणारा मुलगा मोबाइलमध्ये असतो, म्हणून संकेत तीनदा पाठवावा लागतो आणि तिसऱ्यांदा तो पट्ट्याच्या वरच्या टोकालाही ओलांडून जातो.

वडिलांच्या आवाजाची मूळ पट्टी १७५च्या बरीच खाली राहते. ‘अगं, गीझर लाव गं’ हा त्यांचा संदेश घरातल्या कुठल्याही खटकीपर्यंत का पोचत नाही आणि शेवटी त्यांना स्वतःच उठून बटण का दाबावे लागते, या जुन्या कोड्याची उकल इथे होते. आजीचा आवाज मोजायची गरज नाही. तो कोणत्याही कंपनसंख्येला पोचतो.

६. कालविचार

भारत सरकारने जून २०२३मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले. उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे त्यांत ठरले. शेती सोडून उरलेल्या छोट्या ग्राहकांसाठी त्यात १ एप्रिल २०२५ ही तारीख होती. महाराष्ट्रात १ जुलै २०२५पासून लागू झालेल्या महावितरणच्या दरांत, दिवसाच्या वेळेप्रमाणे वीज मोजणारा स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत आली.

जाणकाराला यात ग्रहांची उलथापालथ दिसेल. उद्योगांच्या जुन्या दरपत्रकात रात्री १० ते सकाळी ६ या काळात युनिटमागे दीड रुपया सूट असे, आणि सकाळी ९ ते १२ या वेळेला ८० पैसे जादा पडत. जी वेळ एकेकाळी ८० पैशांनी महाग होती तीच आता ८० पैशांनी स्वस्त झाली. राहुकाळाचा अमृतकाळ झाल्याचे असे उदाहरण पंचांगातही सापडायचे नाही.

आता हा मुहूर्त मराठी अंघोळीवर ठेवून पाहू. घरातली पहिली अंघोळ सहाच्या सुमारास होते आणि शेवटचा माणूस साडेआठला केस पुसत बस गाठायला धावतो. सवलत सुरू व्हायला तेव्हा अर्धा तास बाकी असतो. दिवाळीत तर गणित आणखी बिघडते. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अंघोळ न करणारा नरकात जातो, अशी समजूत आहे. नव्या दरपत्रकाप्रमाणे तो ८० पैशांच्या सवलतीत जातो.

या दरपत्रकाने एका उपेक्षित व्यक्तीचे मात्र पुनर्वसन केले आहे. रविवारी साडेदहापर्यंत लोळत पडणारा, ‘अजून अंघोळ नाही?’ हा प्रश्न पिढ्यानपिढ्या ऐकणारा जो प्राणी घराघरात असतो, तो विजेच्या दृष्टीने आदर्श नागरिक ठरतो. त्याचा आळस हा आळस नव्हे, भारव्यवस्थापन होय.

७. गणितपाद

शास्त्र म्हटले की आकडे आले. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६१ युनिट लागते. दोन किलोवॅटचा गीझर हे काम साधारण १८ मिनिटांत करतो. त्या कढत पाण्यात विसण घालून अंगाला सोसेल असे ४० अंशांचे पाणी केले तर ३५ लिटर भरते, म्हणजे एक भरलेली बादली आणि दुसरीत बऱ्यापैकी. एका माणसाची अंघोळ त्यात आरामात होते. केस धुवायचे असतील तर वाद होतो.

हे पाणी सवलतीच्या वेळेत तापवले तर बचत किती? ०.६१ गुणिले ८० पैसे, म्हणजे ४९ पैसे. संध्याकाळी पाचच्या ठोक्याला तापवून बंद केलेला गीझर सकाळी सहाला उघडायचा, तर मधे तेरा तास जातात. गीझरच्या तारांकनासाठी टाकीतून निसटणारी उष्णता मोजतात ती चोवीस तासांची, आत-बाहेर ४५ अंशांचा फरक ठेवून. हिशेबासाठी ती गळती अर्धा युनिट धरू. तेरा तासांत आपले ६० अंशांचे पाणी ५०च्या आसपास उतरते आणि जवळजवळ ०.१८ युनिट भिंतीला, हवेला आणि झुरळांना अर्पण होते. युनिटला दहा रुपये धरले तर हा नैवेद्य पावणेदोन रुपयांच्या पुढे जातो.

सारांश: ४९ पैसे वाचवण्यासाठी पावणेदोन रुपये खर्च. शिवाय टाकीत पाणी एकाच माणसापुरते. घरात चौघे असतील तर उरलेल्या तिघांसाठी सकाळी पूर्ण दराने गीझर लावायचा आहेच. स्वस्त पाणी कुणाच्या वाट्याला, हा नवा तंटा वर.

मग फ्रेंचांना हे कसे परवडले? उत्तर टाकीच्या आकारात आहे. तिथल्या टाक्या दीडशे, दोनशे, तीनशे लिटरच्या असतात. पंधराऐवजी दोनशे लिटरची टाकी केली तर पाणी तेरा पटींहून अधिक वाढते, पण उष्णता ज्यातून निसटते तो पृष्ठभाग साडेपाच पटींच्या थोडाच वर जातो. त्यामुळे लिटरमागे गळती निम्म्याहून कमी होते. वर जाड आवरण घातले की रात्रीची कमाई दिवसभर टिकते. आपला गीझर साठवणीचा म्हणवतो खरा. पण घरातला प्रत्येकजण त्याच्याकडून वीस मिनिटांतच पाणी मागतो, उद्यासाठी ठेव असे कोणी सांगत नाही.

८. पूर्वपक्ष आणि त्यांचे खंडन

टायमरवादी म्हणतात, बटणावर टायमर बसवावा. तो रोज दुपारी गीझर लावेल आणि पाचला बंद करील. याचे खंडन गणितपादात झाले आहे. शिवाय साध्या तबकडीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो आणि आल्यावर तिथूनच पुढे चालू लागतो. पावसाळ्यातल्या दोन आठवड्यांनी त्याची दुपार रात्री दहाला होते. भारनियमनाच्या वर्षांत वेळापत्रक पाठ करून ‘लाइट जायच्या आत गीझर लावा’ म्हणणारी माणसे या यंत्रापेक्षा भरवशाची होती.

सौरवादी म्हणतात, गच्चीवर सौर बंब बसवा. हा पक्ष सबळ आहे. सौर बंब नेमके तेच करतो जे ऑस्ट्रेलियात आता दरपत्रक करवते: दुपारी तापवणे, शंभर-दोनशे लिटरच्या आवरण घातलेल्या टाकीत ठेवणे आणि सकाळी देणे. पुणे महानगरपालिका अशा घरांना मिळकतकरात सवलतही देते. अडचण नळीची. गच्चीवरून दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी उतरेपर्यंत नळीतले गार पाणी बादलीत सोडावे लागते. त्या पाण्याने फरशी पुसावी की कुंड्यांना घालावे, यावर कुटुंबांत दोन संप्रदाय आहेत. आणि आषाढात सौरवादीही निमूटपणे बॅकअपचे बटण दाबतो.

तिसरा पक्ष उशिरा-अंघोळवाद्यांचा. त्यांच्या मते अंघोळच नऊनंतर करावी. विजेच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. परंतु हा पक्ष मांडणाऱ्याला आजीच्या एका शब्दाचे उत्तर देता आलेले नाही. तो शब्द म्हणजे ‘पारोसा’. पारोशाला देवघराजवळ फिरकता येत नाही, काही घरांत स्वयंपाकघराचा उंबराही ओलांडता येत नाही. ४९ पैशांसाठी नऊ वाजेपर्यंत चहावाचून राहणे कुठल्याच अर्थशास्त्रात बसत नाही.

९. सिद्धान्त

आता मुख्य शंका. गीझर चोवीस तास चालू राहिला, एक थेंबही वापरला नाही, तर नुकसान किती? वरच्याच मापाने ०.३९ युनिट, म्हणजे चार रुपयांना काही पैसे कमी. थर्मोस्टॅट बिघडला तर धोका असतो, म्हणून बंद करावा हे खरेच. पण पैशांपुरते बोलायचे तर विसरलेला गीझर म्हणजे एका कटिंग चहाचीही किंमत नाही. मग त्यावरून दिवसभर पुरणारी खडाजंगी का?

कारण ती खडाजंगी पैशांसाठी नसतेच. तिचे काम वेगळे आहे. चौघांचे घर आणि एक गीझर असेल तर चौघांना ओळीने जावे लागते. प्रत्येकामागे १८ मिनिटे. ‘तुझा नंबर झाला, आता दादा, मग बाबा’ ही व्यवस्था ओरडल्यावाचून चालत नाही. पण ती चालली की त्या घराचा भार दोन किलोवॅटच्या वर जात नाही. न्यूझीलंडने तारांतून संकेत पाठवून, टाक्या आळीपाळीने बंद ठेवून जे साधले ते या घरात नंबर लावून साधले जाते. बंबाचा अनुक्रम बटणाच्या युगात आवाजाच्या रूपाने टिकला, असे म्हणायला हरकत नाही.

खरा बिघाड नव्या फ्लॅटमध्ये आहे. तीन बेडरूम, तीन बाथरूम, तीन गीझर. सात वाजता तीनही लाल दिवे लागतात आणि सहा किलोवॅट एकदम ओढले जातात. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी कुणासाठी थांबत नाही, घर अगदी शांत असते. अशा शंभर शांत घरांची एक सोसायटी झाली की आवारातल्या ट्रान्सफॉर्मरला घाम फुटतो. एका गीझरच्या आरडाओरडीने जो भार कधी चढला नाही, तो तीन गीझरांच्या शांततेने चढतो.

यावरून पुढील विधी सांगतो. एकाच गीझरच्या घराने आपला नंबर आणि आपला आवाज दोन्ही जपावेत. त्यांची यंत्रणा परदेशातून मागवावी लागत नाही. तीन गीझरांच्या घराने सकाळी निदान एकमेकांना हाक मारायला शिकावे. रविवारी लोळणाऱ्याला दहापर्यंत कुणी उठवू नये. आणि ८० पैशांची सवलत ज्याला पदरात पाडून घ्यायचीच आहे त्याने ती कपडे धुण्याच्या मशिनला द्यावी. तिला बस गाठायची नसते, ती पारोशी राहिली तरी चालते, आणि आत साबण लावून बसली असताना तिची वीज बंद करावी असे घरात कुणाच्याही मनात येत नाही.